बीबीसीची रेडिओफोनिक वर्कशॉप आणि तिथले ध्वनिकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेडिओफोनिक वर्कशॉप हा नेमका कोणता विभाग होता?

बीबीसीने १ एप्रिल १९५८ रोजी लंडनच्या मेडा व्हेल भागातील आपल्या स्टुडिओंच्या इमारतीत, तेरा क्रमांकाच्या खोलीत, हा विभाग सुरू केला. इमारत मुळात १९०९ साली रोलर स्केटिंगसाठी उघडलेली होती आणि पुढे बीबीसीने तिचे स्टुडिओ केले. वाद्यवृंदाकडून जे मिळत नाहीत आणि ध्वनिपरिणामांच्या तबकड्यांच्या कपाटातही जे सापडत नाहीत, असे ध्वनी नभोवाणी आणि दूरचित्रवाणीच्या कार्यक्रमांसाठी घडवून देणे हे या विभागाचे काम होते. त्याची उभारणी मुख्यतः डॅफ्ने ओरॅम आणि डेस्मंड ब्रिस्को या दोघांनी केली. सुरुवातीची यंत्रसामग्री बहुतांशी इतर विभागांनी वापरून बाजूला ठेवलेली होती : जुनी टेप रेकॉर्डर यंत्रे, प्रयोगशाळेत उपकरणे तपासण्यासाठी वापरतात ते ऑसिलेटर, म्हणजे ठरावीक कंपनसंख्येचा स्वर विजेने निर्माण करणारी उपकरणे, ध्वनीचा नको तो भाग गाळणारे काही फिल्टर आणि कातरकामाला लागणारी ब्लेडे. एवढ्या सामग्रीवर या मंडळींनी जे काम उभे केले, त्याचे मोल अजून पुरते झालेले नाही, असे मला मनापासून वाटते.

नभोवाणीला अशा विभागाची गरज का भासली?

गरज नाटकांमुळे भासली. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या आणि मेघगर्जनेसाठी पत्रा, या युक्त्या वास्तव प्रसंगांना पुरत होत्या. पण १९५० नंतरच्या दशकात बीबीसीच्या ‘थर्ड प्रोग्रॅम’ या वाहिनीकडे जी नभोनाट्ये येऊ लागली, त्यांतला बराचसा भाग पात्राच्या मनात घडत होता. भीतीला, भ्रमाला किंवा अर्धवट झोपेला आवाज कोणता द्यायचा, हा प्रश्न निर्मात्यांपुढे होता.

सॅम्युअल बेकेट यांचे ‘ऑल दॅट फॉल’ हे नभोनाट्य जानेवारी १९५७ मध्ये प्रसारित झाले, तेव्हा निर्माते डोनल्ड मॅकव्हिनी यांनी गावाकडच्या जनावरांचे आवाज खऱ्या ध्वनिमुद्रणांतून न घेता माणसांकडून काढून घेतले आणि पावलांच्या आवाजाला एक ठरीव लय दिली. ध्वनीची बाजू डेस्मंड ब्रिस्को यांच्याकडे होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फ्रेडरिक ब्रॅडनम यांनी लिहिलेली एक ‘रेडिओफोनिक कविता’ प्रसारित झाली. श्रोते गोंधळून जाऊ नयेत म्हणून प्रसारणाआधी मॅकव्हिनी यांनी स्वतः प्रास्ताविक केले होते. असे प्रयोग वारंवार करायचे तर त्यासाठी हक्काची जागा आणि हक्काची माणसे हवीत, ही गोष्ट या दोन कार्यक्रमांनंतर वरिष्ठांना मान्य करावी लागली.

युरोपात असे स्टुडिओ आधीपासून होते ना?

होते, आणि विशेष म्हणजे तेही बहुतेक नभोवाणी केंद्रांतच होते. टेप रेकॉर्डर, ऑसिलेटर आणि कुशल तंत्रज्ञ या तिन्ही गोष्टी एका छपराखाली असलेली दुसरी संस्था त्या काळात क्वचितच सापडली असती. पॅरिसमध्ये फ्रेंच नभोवाणीत काम करणाऱ्या पिएर शेफर यांनी १९४८ साली आगगाडीच्या ध्वनिमुद्रणांतून रचना तयार केली आणि ५ ऑक्टोबर १९४८ रोजी ती नभोवाणीवरून ऐकवली. प्रत्यक्ष जगातला ध्वनी मुद्रित करायचा, तोडायचा, पुन्हा पुन्हा फिरवायचा, उलटा वाजवायचा आणि त्यातून संगीत घडवायचे, ही त्यांची रीत. कोलोन नभोवाणी केंद्रातील हर्बर्ट आइमर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मार्ग निराळा होता. त्यांना बाहेरचा ध्वनी नको होता. ऑसिलेटरमधून निघणाऱ्या शुद्ध स्वरांवर स्वर रचून प्रत्येक नाद मुळापासून बांधायचा, असा त्यांचा आग्रह होता. कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांनी याच स्टुडिओत १९५६ साली एका मुलाचा गाता आवाज आणि ऑसिलेटरचे स्वर एकत्र आणले आणि दोन्ही पंथांमधली भिंत पाडली. मिलानमध्ये इटालियन नभोवाणीने १९५५ साली लुचियानो बेरिओ आणि ब्रुनो मादेर्ना यांच्यासाठी स्टुडिओ उघडला; टोकिओत एनएचके या जपानी नभोवाणीचा स्टुडिओही त्याच वर्षीचा, आणि वॉर्साचा १९५७ चा.

मेडा व्हेलच्या मंडळींना या पंथभेदाशी कर्तव्य नव्हते. संध्याकाळपर्यंत नाटकाला ध्वनी हवा असेल, तर तो करवंटीतून आला की ऑसिलेटरमधून, हे तिथे कुणी विचारत नसे. युरोपातले स्टुडिओ रचनाकारांसाठी उघडले गेले होते. लंडनचा स्टुडिओ कार्यक्रमांसाठी होता. या एका फरकातून तिथल्या कामाची गती, त्यातली कल्पकता आणि तिथल्या माणसांची दुःखेही निपजली.

डॅफ्ने ओरॅम कोण होत्या आणि त्यांनी वर्षभरातच राजीनामा का दिला?

ओरॅम यांचा जन्म ३१ डिसेंबर १९२५ चा, इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातला. रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये मिळणारा प्रवेश नाकारून त्या १९४३ साली बीबीसीत दाखल झाल्या. तरुण पुरुष युद्धावर गेल्यामुळे स्टुडिओंची तांत्रिक कामे तेव्हा मुलींच्या हाती आली होती. मैफलींच्या थेट प्रक्षेपणात वाद्यांच्या आवाजांचा तोल सांभाळणे हे ओरॅम यांचे काम होते. १९४९ साली त्यांनी दोन वाद्यवृंद, ग्रामोफोन तबकड्या आणि ध्वनिक्षेपक यांसाठी ‘स्टिल पॉइंट’ ही रचना लिहिली. चालू वादनावर त्याच क्षणी विद्युत उपकरणांनी संस्कार करण्याची कल्पना तिच्यात होती. बीबीसीने ती स्वीकारली नाही. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये ती पूर्ण स्वरूपात वाजली ती २०१८ साली, म्हणजे लिहून झाल्यावर जवळजवळ सत्तर वर्षांनी आणि ओरॅम यांच्या निधनानंतर पंधरा वर्षांनी.

रेडिओफोनिक वर्कशॉप सुरू व्हावी म्हणून त्या कित्येक वर्षे वरिष्ठांच्या मागे लागल्या होत्या. दिवसाची पाळी संपली आणि स्टुडिओ रिकामे झाले, की निरनिराळ्या खोल्यांमधली टेप रेकॉर्डर यंत्रे एका ठिकाणी ओढून आणायची, रात्रभर प्रयोग करायचे आणि सकाळी कर्मचारी येण्यापूर्वी यंत्रे जागच्या जागी पोचवायची, असा त्यांचा क्रम होता. ती यंत्रे कपाटाएवढी जड असत. १९५७ साली ‘अँफिट्रिऑन ३८’ या दूरचित्रवाणी नाटकाला त्यांनी संपूर्ण इलेक्ट्रॉनिक पार्श्वसंगीत दिले. बीबीसीतला तो पहिलाच प्रसंग.

एवढ्या खटपटीनंतर मिळालेली जागा त्यांनी १९५९ साली सोडली, याचे अनेकांना नवल वाटते. मला वाटत नाही. ऑक्टोबर १९५८ मध्ये बीबीसीने त्यांना ब्रसेल्सच्या जागतिक प्रदर्शनात भरलेल्या प्रायोगिक संगीताच्या परिषदेला पाठवले होते. तिथे इतर देशांच्या नभोवाण्यांनी आपापल्या रचनाकारांना केवढी मोकळीक दिली आहे, हे त्यांनी पाहिले. मेडा व्हेलमध्ये मात्र नाट्यविभागाच्या मागण्या पुरवायच्या होत्या, आणि संगीतविभागाला या उद्योगाशी संबंध ठेवायची इच्छा नव्हती. त्यात आणखी एक नियम आला : या ध्वनींच्या सहवासात फार काळ राहिल्याने मनावर परिणाम होईल, या समजुतीने कर्मचाऱ्यांना तिथे तीन महिन्यांपेक्षा जास्त ठेवायचे नाही असे ठरले. हा नियम पुढे मागे पडला, पण जिने हा विभाग मागून घेतला तिलाच त्यातून तीन महिन्यांनी उठवण्याची भाषा होत असेल, तर तिने थांबावे कशासाठी?

त्यांचे ‘ऑरॅमिक्स’ यंत्र कसे चालत असे?

नोकरी सोडल्यावर ओरॅम यांनी केंट परगण्यात एका जुन्या इमारतीत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि काढलेल्या रेषेतून ध्वनी निर्माण करणारे यंत्र बांधायला घेतले. गुलबेंकियन प्रतिष्ठानाने १९६२ आणि १९६५ साली त्यांना अनुदान दिले. यंत्रात पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या पारदर्शक फिल्मच्या दहा पट्ट्या एकमेकींशेजारून एकाच गतीने सरकत. रचनाकाराने त्यांच्यावर शाईने ठिपके द्यायचे आणि आकार काढायचे. पट्ट्यांखालून येणारा प्रकाश त्या आकारांमुळे कमी-जास्त अडला जाई, प्रकाशविद्युत घट तो फरक टिपत आणि त्यानुसार स्वराची उंची, जोर आणि घुमारा ठरे. नादाचा पोत, म्हणजे तोच स्वर बासरीसारखा लागावा की सनईसारखा, हे ठरवण्यासाठी काचेच्या पट्टीवर तरंगाचा आकार वेगळा काढावा लागे आणि तो कॅथोड किरण नलिकेच्या साहाय्याने वाचला जाई.

आज संगणकाच्या पडद्यावर माऊसने रेषा ओढून आवाजाचा चढउतार ठरवणाऱ्या कोणत्याही ध्वनिसंयोजकाला ही कल्पना ओळखीची वाटेल. ओरॅम यांनी ती शाई, फिल्म आणि डाग दिलेल्या तारांमधून साकारली. या कामात ग्रॅहम रेंच या अभियंत्याचा वाटा मोठा आहे. ते यंत्र आता लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. चालत नाही, पण २०११ साली ते लोकांसाठी मांडले गेले. ओरॅम ५ जानेवारी २००३ रोजी निवर्तल्या.

सिंथेसायझर नव्हता, तर सूर कसे लावत असत?

ध्वनिफितीची लांबी आणि तिचा वेग यांच्या हिशोबाने. बीबीसीच्या यंत्रांवर फीत सहसा सेकंदाला १५ इंच, म्हणजे सुमारे ३८ सेंटिमीटर या वेगाने धावे. म्हणजे पाव सेकंदाचा स्वर हवा असेल तर साडेनऊ सेंटिमीटरचा तुकडा कापायचा. तोच ध्वनी निम्म्या वेगाने वाजवला की बरोबर एक सप्तक खाली उतरतो आणि दुप्पट लांबतो. दुप्पट वेगाने वाजवला की एक सप्तक वर चढतो. मधले स्वर हवे असतील तर मधले वेग हवेत. त्यामुळे एखाद्या तारेचा, बाटलीचा किंवा भांड्याचा एकच आवाज मुद्रित करून त्याची वेगवेगळ्या वेगांवर नक्कल उतरवायची आणि प्रत्येक सुराचा वेगळा तुकडा करून ठेवायचा, ही पहिली पायरी असे.

पुढचे काम अंगठा आणि बोटांचे. फितीची दोन्ही चक्रे हातांनी मागेपुढे फिरवत नादाचा आरंभबिंदू कानाने शोधायचा, फितीच्या पाठीवर पिवळ्या मेणी पेन्सिलीने खूण करायची, फीत खाचेच्या पट्टीत बसवायची आणि ब्लेडने तिरका छेद घ्यायचा. छेद तिरका घेतला तर एक नाद दुसऱ्यात सहज मिसळतो. सरळ घेतला तर ‘टक्’ असा आवाज येण्याची शक्यता असते. मग दोन टोके भिडवून पाठीवरून चिकटपट्टी. पाव इंच रुंदीच्या फितीवर हे सगळे चालायचे आणि मिनिटभराच्या संगीतासाठी असे जोड शेकडोंनी करावे लागत. टोके जोडून केलेले वेटोळे यंत्रावर अखंड फिरवत ठेवले, की लयीचा ठेका मिळे. वेटोळे फार लांब असेल तर ते ताणून धरायला माइकचा स्टँड लांब उभा करत. दोन यंत्रांमधून एकच फीत ओवून प्रतिध्वनी मिळवत.

‘डॉक्टर हू’चे शीर्षकसंगीत नक्की कोणाचे?

कागदावर चाल संगीतकार रॉन ग्रेनर यांची आहे आणि ऐकू येतो तो प्रत्येक नाद वर्कशॉपमधल्या डेलिया डर्बिशर यांचा. त्यांना साहाय्य डिक मिल्स यांचे होते. याहून कमी शब्दांत खरे उत्तर देता येत नाही.

‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या दूरचित्रवाणीवरील विज्ञानकथा मालिकेचा पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रसारित झाला. ग्रेनर यांनी दिलेल्या स्वरलिपीत चाल आणि खर्जाची ओळ होती. बाकी ठिकाणी वारा, ढग अशा सूचना होत्या. खर्जातली धावती ओळ डर्बिशर यांनी छेडलेल्या एका तारेच्या ध्वनिमुद्रणातून बांधली : एकच झंकार, वेगवेगळ्या वेगांवर उतरवलेला, तुकड्या-तुकड्यांनी जोडलेला. वरची चाल ऑसिलेटरवर हाताने बटण फिरवत काढलेली असल्यामुळे स्वर एकातून दुसऱ्यात मिंडेसारखे घसरत जातात. आपल्याकडच्या कानाला ती जागा लगेच लागते. वाऱ्याचा आवाज म्हणजे गाळणीतून काढलेला इलेक्ट्रॉनिक खरखराट.

अनेक मार्गिकांवर एकाच वेळी मुद्रण करणारी यंत्रे तिथे नव्हती. चालीची, खर्जाची आणि उरलेल्या ध्वनींची अशा फिती वेगवेगळ्या यंत्रांवर चढवून सगळी एका इशाऱ्यावर सुरू करायची आणि त्या एकत्र धावतील अशी आशा ठेवायची. डिक मिल्स यांनी पुढे सांगितलेला एक प्रसंग असा : सगळे जुळवून झाल्यावरही कुठेतरी एक स्वर चुकत होता. स्वर बेसूर नव्हता. कोणत्या तरी एका फितीतला एक तुकडा किंचित लांब कापला गेला होता. तो कानाने सापडेना. तेव्हा त्यांनी तिन्ही फिती मेडा व्हेलच्या लांबलचक बोळात जमिनीवर शेजारी-शेजारी उलगडल्या आणि जोडाशी जोड ताडून पाहत चालत गेले. जिथे एका फितीचा जोड बाकीच्यांच्या जोडाशी रेषेत येईना, तिथे चूक सापडली. संगीतातली चूक डोळ्यांनी आणि पावलांनी शोधण्याचा दुसरा प्रसंग माझ्या वाचनात नाही.

तयार झालेले संगीत ऐकून ग्रेनर चकित झाले आणि मानधनाचा निम्मा वाटा डर्बिशर यांना मिळावा, अशी त्यांची इच्छा होती. बीबीसीने ती मानली नाही. कर्मचारी निनावी राहतील आणि पडद्यावर फक्त विभागाचे नाव झळकेल, असा दंडक होता. मालिकेतल्या एका भागाच्या श्रेयनामावलीत डर्बिशर यांचे नाव पहिल्यांदा आले ते २०१३ साली. त्यांचे निधन ३ जुलै २००१ रोजी झाले होते.

डर्बिशर यांचे दुसरे कोणते काम ऐकावे?

माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम काम शीर्षकसंगीतात नाहीच. डर्बिशर यांचा जन्म ५ मे १९३७ चा, कव्हेंट्रीचा. १४ नोव्हेंबर १९४० रोजी या शहरावर भयंकर हवाई हल्ला झाला. विमानहल्ल्याचे भोंगे हे आपल्या कानावर पडलेले पहिले अमूर्त संगीत होते, असे त्या पुढे सांगत. केंब्रिजच्या गर्टन कॉलेजातून गणित आणि संगीत शिकून त्या १९५९ साली डेक्का या ध्वनिमुद्रण कंपनीकडे गेल्या, तेव्हा ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत स्त्रियांना काम देत नाही असे उत्तर त्यांना मिळाले. १९६० साली त्या बीबीसीत लागल्या आणि १९६२ साली स्वतः मागणी करून वर्कशॉपमध्ये आल्या.

स्टुडिओत एक हिरवी धातूची दिव्याची छत्री होती. तिच्यावर टिचकी मारली की निघणारा नाद त्यांना फार आवडे. सहारातल्या तुआरेग लोकांवरच्या १९६७ सालच्या माहितीपटासाठी त्यांनी त्या छत्रीचा नाद मुद्रित केला, त्यातला आघाताचा क्षण कापून टाकला आणि नुसता मागे उरणारा घुमारा घेतला. आघात गेला की कान नाद कशाचा हे ओळखू शकत नाही. मग त्या घुमाऱ्यात कोणकोणत्या कंपनसंख्या आहेत याचे पृथक्करण करून त्यांनी ऑसिलेटरवर तो पुन्हा उभा केला. उंटांची पावले डर्बिशर यांच्या स्वतःच्या आवाजाच्या तुकड्यांतून केलेली आहेत. ‘ब्ल्यू व्हेइल्स अँड गोल्डन सँड्स’ या नावाची ही रचना ऐकताना वाळवंटातला उन्हाचा लोट आणि अंतर यांचा जो भास होतो, त्यामागे गणित शिकलेल्या माणसाची शिस्त आहे.

नाटककार बॅरी बरमेंज यांच्याबरोबर त्यांनी १९६४ साली ‘द ड्रीम्स’ हा नभोवाणी कार्यक्रम केला. साध्यासुध्या माणसांनी आपापल्या स्वप्नांविषयी सांगितलेली वाक्ये पळणे, पडणे, भूप्रदेश, पाण्याखालचे जग आणि रंग अशा पाच भागांत मांडून त्यांच्याखाली मंद, न संपणारे नाद ठेवले आहेत. बोलणारी माणसे अडखळतात, तेच शब्द पुन्हा म्हणतात आणि ते अडखळणेच लय बनते. नभोवाणी या माध्यमात काय करता येते, हे दाखवायला मी कुणालाही हीच रचना ऐकवीन.

टार्डिस आणि डॅलेक यांचे आवाज कसे काढले?

टार्डिस हे ‘डॉक्टर हू’मधले अवकाशयान आणि डॅलेक हे त्यातले यंत्रवत शत्रू; दोन्हींचे आवाज हे वर्कशॉपमधल्या ब्रायन हॉजसन यांचे काम. जुन्या, आतून मोकळ्या केलेल्या पियानोच्या खर्जाच्या तारेवर त्यांनी आईच्या घराच्या दाराची किल्ली खरवडत ओढली, आणि त्या खरवडण्याला फितीवर उलटे वाजवून व प्रतिध्वनी देऊन अवकाशयानाचा धापा टाकणारा आवाज केला. डॅलेकसाठी नटांचा आवाज ‘रिंग मॉड्युलेटर’मधून काढला. या मंडलात दोन संकेत गुणले जातात आणि बाहेर त्यांच्या कंपनसंख्यांची बेरीज व वजाबाकी मिळते. बोलण्यात २०० हर्ट्झचा घटक असेल आणि त्याला ३० हर्ट्झच्या स्वराने गुणले, तर २३० आणि १७० हर्ट्झ हाती येतात आणि मूळचे २०० नाहीसे होते. माणसाच्या आवाजातल्या घटकांचे परस्परांशी असलेले नैसर्गिक प्रमाण असे विसकटले, की शब्द कळतात पण बोलणारा माणूस वाटत नाही. म्हणून तो आवाज ऐकून मुले घाबरत.

वर्कशॉपमध्ये फक्त विज्ञानकथांचेच काम होत असे का?

मुळीच नाही. शालेय कार्यक्रम, स्थानिक नभोवाणी केंद्रांच्या ओळखधून, विनोदी मालिका, बातमीपूर्व संकेत असे रोजचे काम फार मोठे होते. ‘द गून शो’ या विनोदी कार्यक्रमातल्या मेजर ब्लडनॉक या पात्राच्या पोटात उठणारा हलकल्लोळ हीसुद्धा याच विभागाची निर्मिती. मॅडलीना फॅगन्डीनी यांनी दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरण्यासाठी केलेला ठेका निर्माते जॉर्ज मार्टिन यांना इतका आवडला, की त्यावर वाद्ये चढवून त्यांनी १९६२ साली ‘रे कॅथोड’ या टोपणनावाने तबकडी काढली.

या रोजच्या कामात जॉन बेकर यांची बरोबरी कुणी केली नाही. ते जॅझ पियानोवादक होते. बाटलीतून पाणी ओतल्याचा, बूच निघाल्याचा किंवा टेबलाच्या कडेला धरलेली पट्टी झंकारल्याचा आवाज घेऊन ते अर्ध्या मिनिटाची धून करत, आणि त्यात ठेका जराही यांत्रिक होऊ देत नसत. जॅझमध्ये वादक जसा मात्रेच्या किंचित मागे-पुढे राहतो, तसे ते फितीचा तुकडा मुद्दाम थोडा लांब किंवा आखूड कापत.

इतक्या स्त्रिया या क्षेत्रात कशा आल्या?

ओरॅम, डर्बिशर, फॅगन्डीनी, पुढे ग्लिनिस जोन्स आणि एलिझाबेथ पार्कर ही नावे पाहिली की प्रश्न स्वाभाविक आहे. युद्धकाळात उघडलेली दारे पुरती बंद झाली नाहीत, हे एक कारण. दुसरे असे, की हा विभाग प्रतिष्ठेचा मानला जात नव्हता. वाद्यवृंदाचे संचालन किंवा ध्वनिमुद्रण कंपनीतली जागा यांवर हक्क सांगणारे इथे फिरकत नव्हते. म्हणून ‘स्त्रियांना मोकळे रान मिळाले’ असे चित्र रंगवणे मला पटत नाही. मिळाले ते दुय्यम मानलेले काम, आणि त्याला पहिल्या दर्जाचे रूप त्यांनी स्वतःच्या कष्टाने दिले.

मग त्या कामाला संगीत का म्हटले गेले नाही?

बीबीसीच्या कागदोपत्री ते ‘विशेष ध्वनी’ होते. संगीत म्हटले की संगीतकाराचा हक्क, वादकांच्या संघटनेचे नियम आणि संगीतविभागाची मान्यता हे सगळे ओघाने आले असते. ध्वनी म्हटले की काम करणारा साहाय्यक आणि त्याचा पगार ठरलेला. मुद्दा केवळ मानाचा नव्हता. ‘डॉक्टर हू’चे संगीत कितीही वेळा वाजले, तरी डर्बिशर यांना मिळाला तो महिन्याचा पगारच. त्यांनी १९७३ साली बीबीसी सोडली.

सिंथेसायझर आल्यावर काय बदलले?

१९७० च्या सुमारास लंडनच्या ईएमएस कंपनीचा ‘सिंथी १००’ हा अवाढव्य सिंथेसायझर तिथे आला. इमारत ज्या डेलावेअर रस्त्यावर आहे त्यावरून त्याला ‘डेलावेअर’ म्हणू लागले. माल्कम क्लार्क यांनी १९७२ साली त्यावर ‘डॉक्टर हू’च्या एका कथेला दिलेले पार्श्वसंगीत आजही अंगावर येते. पॅडी किंग्जलंड आणि पीटर हॉवेल यांनी सुरेल, भरघोस काम केले. १९८० साली हॉवेल यांनी शीर्षकसंगीत नव्याने बांधले. पण डर्बिशर यांना नव्या यंत्रांचा लळा लागला नाही, आणि त्यांची अडचण मला समजते. फितीवर प्रत्येक नादाचा आरंभ आणि शेवट माणूस ठरवत होता. नव्या यंत्रात बटणांच्या मागे तयार नाद वाट पाहत होते. काम मात्र कितीतरी पट वेगाने होऊ लागले, आणि मागणीही तेवढीच वाढली होती.

वर्कशॉप बंद का झाली?

१९९० नंतरच्या दशकात महासंचालक जॉन बर्ट यांच्या कारकिर्दीत बीबीसीने अंतर्गत बाजाराची पद्धत आणली. विभागांनी एकमेकांकडून कामाचे पैसे घ्यायचे आणि खर्च निघत नसेल तर गाशा गुंडाळायचा. दरम्यान सिंथेसायझर आणि संगणक स्वस्त झाल्यामुळे बाहेरचे संगीतकार घरी बसून कमी पैशांत काम करून देऊ लागले होते. या हिशोबात वर्कशॉप टिकणे शक्य नव्हते. एलिझाबेथ पार्कर या अखेरपर्यंत राहिलेल्या संगीतकार. मार्च १९९८ मध्ये विभाग संपला.

जुन्या फिती कुठे आहेत?

वर्कशॉपच्या फितींची यादी आणि जतन करण्याचे काम मार्क एअर्स या संगीतकाराने हाती घेतले, म्हणून त्या वाचल्या. डर्बिशर यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या माळ्यावर २६७ फिती सापडल्या. त्या आता मँचेस्टरमध्ये, विद्यापीठाच्या देखरेखीखाली आहेत. ओरॅम यांचा संग्रह लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयाकडे आला.

भारतात असे काही घडले का?

नभोवाणीच्या आश्रयाने असा विभाग उभा राहिला नाही. पण आपल्या शेजारी, अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये, १९६९ साली अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ बसवून दिला. त्यामागे गीता साराभाई यांचा पुढाकार होता; १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केज यांना भारतीय संगीताची ओळख करून देणाऱ्या त्या याच. त्यांच्यासह अतुल देसाई, आय. एस. माथूर, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी तिथे रचना केल्या. संस्थेच्या संग्रहात पडून राहिलेल्या त्या फिती पॉल पर्गस यांनी उजेडात आणल्या आणि २०२० साली बीबीसीच्या रेडिओ थ्रीवरून त्यांची कहाणी प्रसारित झाली. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनमध्ये बासरीवादक विजय राघव राव यांनी प्रमोद पती यांच्या प्रायोगिक लघुपटांसाठी ध्वनीचे जे धाडस केले, त्याचाही याच काळाच्या संदर्भात विचार व्हायला हवा. नभोवाणीच्या कपाटांत काय आहे, हे मात्र कुणीतरी चिकाटीने बसून ऐकल्याखेरीज कळायचे नाही, आणि फितीवरचा चुंबकीय थर दरवर्षी सुटत चालला आहे.

ऐकायला सुरुवात कुठून करावी?

आधी १९६३ चे शीर्षकसंगीत हेडफोन लावून ऐकावे आणि खर्जाच्या ओळीतला प्रत्येक झंकार वेगळा कापलेला आहे हे लक्षात ठेवून ती ओळ शेवटपर्यंत धरून राहावे. नंतर तुआरेग माहितीपटाची रचना, मग जॉन बेकर यांच्या दोन-तीन ओळखधुना. ‘द ड्रीम्स’ला रात्र आणि सलग पाऊण तास द्यावा. ओरॅम यांचे ध्वनी सुरुवातीला कोरडे वाटतील. म्हणून त्यांचे यंत्र कसे चालत असे हे आधी वाचावे आणि मग ऐकावे, कारण काढलेली रेषा स्वरात उमटते ती जागा माहीत असेल तरच नीट सापडते.